हायब्रिडमधले ४२ किलोवॉट जातात कुठे?

मारुतीच्या ग्रँड विटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचं (थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालणाऱ्या पेट्रोल गाडीचं) माहितीपत्रक उघडलं की तीन आकडे समोर येतात. पेट्रोल इंजिन ६८ किलोवॉट, इलेक्ट्रिक मोटर ५९ किलोवॉट आणि दोघांची मिळून ताकद ८५ किलोवॉट. पीएसमध्ये, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये बोलायचं तर ९२, ८० आणि ११५. शाळेतल्या बेरजेने ६८ आणि ५९ मिळून १२७ व्हायला हवेत. मग मधले ४२ कोणी खाल्ले? शोरूममध्ये विचारलं तर "दोघांचा पीक वेगवेगळ्या आरपीएमला येतो, सर" असं उत्तर मिळतं (आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे). त्यात थोडं तथ्य आहे, पण खरं कारण बूटच्या फरशीखाली ठेवलेल्या बॅटरीत आहे.

मोटरला वीज दोनच ठिकाणांहून मिळते. एक बॅटरी, दुसरा इंजिनाने फिरवलेला जनरेटर. जनरेटरकडून आलेली वीज म्हणजे इंजिनाचीच ताकद, फक्त गिअरऐवजी तारेतून फिरून आलेली. ती ६८ मध्ये आधीच मोजून झाली आहे, पुन्हा मोजायची नाही. म्हणजे इंजिनाच्या वर जी भर पडते ती निव्वळ बॅटरीची. ८५ वजा ६८, उरले १७ किलोवॉट. टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉसला हाच हिशेब लावून बघा. इंजिन १५२ पीएस म्हणजे ११२ किलोवॉट, एकूण १८६ पीएस म्हणजे १३७ किलोवॉट, फरक २५ चा. तिची मोटर स्वतः ८३ किलोवॉटची आहे, तरी बेरजेत भर पडते ती २५ चीच. कुठल्याही हायब्रिडची जाहिरात हातात आली की मी आधी ही वजाबाकी करतो. मोटरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, बॅटरी किती किलोवॉट देऊ शकते हे मात्र सहसा कुठेच छापलेलं नसतं. निदान टोयोटा पद्धतीच्या गाड्यांत ते असं काढता येतं.

इथे किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांची गल्लत होते, म्हणून सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी किती हजार लिटरची हे किलोवॉट-तास. तिच्यातून खाली येणारा पाईप किती इंची हे किलोवॉट. टाकी भरलेली असून पाईप अर्धा इंची असेल तर तिसऱ्या मजल्यावरचा शॉवर कितीही महागडा बसवा, धार बारीकच येणार. हायब्रिडमधली मोटर म्हणजे तो शॉवर. आणि इथली टाकीसुद्धा लहान आहे. ग्रँड विटारा-हायरायडरची लिथियम-आयन बॅटरी १७७.६ व्होल्टची आणि अवघी ०.७६ किलोवॉट-तासांची. घरातला दीड टनाचा एसी जोरात चालवला तर ती तासभरही पुरायची नाही.

त्या मानाने तिचा पाईप मात्र चांगलाच रुंद आहे. १७ किलोवॉट भागिले १७७.६ व्होल्ट म्हणजे साधारण ९६ अँपिअर. बॅटरीची क्षमता ४.३ अँपिअर-तासांच्या आसपास येते. म्हणजे क्षमतेच्या बावीसपट वेगाने ती रिकामी होते, आणि पूर्ण भरलेली असली तरी त्या वेगाने तीन मिनिटांतच संपेल. मोबाइलची बॅटरी या वेगाने उपसली तर ती फुगेल नाहीतर पेटेल. हायब्रिडच्या सेलची बांधणीच निराळी असते. इलेक्ट्रोडचे थर पातळ, आतला रोध कमी, साठा थोडा पण देणं-घेणं झपाट्याचं. शुद्ध इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं उलटं असतं. तिथे साठा इतका मोठा असतो की प्रत्येक सेलवर ताण थोडाच येतो.

मग ५९ किलोवॉटची मोटर बसवायचीच कशाला?

बॅटरी १७ च देणार असेल तर २० किलोवॉटची मोटर का पुरत नाही? टोयोटाच्या पद्धतीत गिअरबॉक्सच्या जागी एक प्लॅनेटरी गिअर असतो. मधला छोटा गिअर जनरेटरला जोडलेला, त्याभोवतीच्या गिअरांची चौकट इंजिनाला, आणि बाहेरचं कडं चाकांकडे. टोयोटाच्या प्रियस या जुन्या हायब्रिडमध्ये मधल्या गिअरला ३० दाते आणि कड्याला ७८. त्यामुळे इंजिनाच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, साधारण ७२ टक्के वाटा कड्याकडे आणि २८ टक्के जनरेटरकडे जातो, आणि ही वाटणी कधीच बदलत नाही. पण ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. गाडी जेमतेम सरकत असताना कडं हळू फिरतं, म्हणून त्या वाटेने ताकद फारशी जातच नाही. इंजिन चार हजार आरपीएमवर ओरडत असलं तरी त्याची बहुतेक ताकद जनरेटरच्या वाटेने वीज होऊन येते आणि ती चाकांपर्यंत पोचवायला मोटरच लागते. मोटर लहान असती तर कमी वेगात इंजिनाची ताकद अडकून पडली असती आणि गाडी चढावर गुडघे टेकली असती. म्हणून मोटर मोठी. तिचा आकार बॅटरीकडे पाहून नव्हे, तर जनरेटर आणि बॅटरी मिळून जे देतील ते झेलण्यासाठी ठरवलेला असतो.

मोटरचा स्वभावही इथे उपयोगी पडतो. १४१ न्यूटन-मीटर टॉर्क तिच्याकडे शून्य आरपीएमपासून हजर असतो. ५९ किलोवॉटला १४१ ने भागून आरपीएममध्ये आणलं तर जवळपास ४,००० येतात. त्या वेगापर्यंत टॉर्क कायम आणि ताकद चढती, त्यापुढे ताकद कायम आणि टॉर्क उतरता. म्हणून सिग्नल सुटताना पिकअप छान वाटतो आणि हायवेवर ऐंशीच्या पुढे तोच पिकअप "कुठे गेला" असं वाटतं. गाडी बिघडलेली नसते.

टॉर्कच्या आकड्यांची दोन गाड्यांत सरळ तुलना करू नका. होंडा सिटी हायब्रिडची मोटर २५३ न्यूटन-मीटरची आहे, पण ती हायरायडरच्या जवळजवळ दुप्पट खेचते असा त्याचा अर्थ नाही. मोटर आणि चाकांमधलं गिअरचं गुणोत्तर वेगळं, आणि मुळात पद्धतच वेगळी. सिटीमध्ये शहरातल्या वेगाला इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं. ते जनरेटर फिरवतं आणि चाकं फिरवते एकटी मोटर. हायवेच्या वेगाला क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. सगळा भार एका मोटरवर असल्यामुळे ती इंजिनापेक्षा मोठी ठेवावी लागली. इंजिन ९८ पीएस, मोटर १०९ पीएस, एकूण १२६ पीएस.

नुसती बॅटरी वाढवली तर काय होतं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेत विकली जाणारी २०२३ ची प्रियस. साध्या हायब्रिडला आणि प्लग-इन, म्हणजे बाहेरूनही चार्ज होणाऱ्या, प्रियस प्राइमला इंजिन एकच, दोन लिटर, १५० हॉर्सपॉवरचं. साध्या गाडीला मोटर १११ हॉर्सपॉवरची आणि एकूण ताकद १९४. प्राइमला १३.६ किलोवॉट-तासांची बॅटरी, १६१ हॉर्सपॉवरची मोटर आणि एकूण ताकद २२०. तेच इंजिन असून २६ हॉर्सपॉवर वाढले. बॅटरी मोठी झाली की प्रत्येक सेलवर ताण न वाढवता पाईप आपोआप रुंद होतो. मोटरचा आकडा मात्र ५० ने वाढला आणि बेरजेत त्यातले निम्मेच दिसले.

उलटं उदाहरणही आहे. पहिल्या पिढीच्या सुधारित प्रियसमध्ये २२८ सेलची २७३.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आणि ३३ किलोवॉटची मोटर होती. २००३ च्या दुसऱ्या पिढीत सेल घटवून १६८ केले, व्होल्टेज २०१.६ वर आलं, आणि मोटर झाली ५० किलोवॉटची. मधे एक बूस्ट कन्व्हर्टर बसवला, जो २०१.६ व्होल्टचे ५०० पर्यंत करतो. मोटर वेगात फिरू लागली की ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि बाहेरून येणाऱ्या विजेला विरोध करते. तो ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, बॅटरीत मुळात ते असायलाच हवं असं नाही.

'स्मार्ट हायब्रिड' किंवा माइल्ड हायब्रिड म्हणून मिळणाऱ्या गाड्यांना वरचं काहीच लागू नाही. तिथे बेल्टवरचा स्टार्टर-जनरेटर आणि १२ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी इंजिनाला दोन-अडीच किलोवॉटचा हात देतात. सिग्नलला इंजिन बंद-चालू झकास होतं, पण नुसत्या विजेवर गाडी इंचभरही हलत नाही. बिल्ला 'हायब्रिड'चा असला तरी स्ट्राँग हायब्रिडच्या अ‍ॅव्हरेजची अपेक्षा ठेवू नका.

सिग्नल ते सिग्नल

आता हे मुंबईच्या रस्त्यावर आणू. गाडीचं वजन जवळपास १,३०० किलो, दोन-तीन माणसं धरून १,५०० समजू. ताशी ५० किलोमीटरला तिच्यात गतीची ऊर्जा भरते साधारण १४५ किलोज्यूल, म्हणजे ०.०४ किलोवॉट-तास. ब्रेक मारताना त्यातली जेवढी परत मिळेल तेवढी बॅटरीत जाते. बॅटरी ०.७६ ची असली तरी आयुष्य टिकावं म्हणून ती कधी पूर्ण भरू देत नाहीत आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाहीत. हिशेबासाठी वापरात येणारा भाग ०.३ धरू. म्हणजे ताशी ५० वरून थांबण्याचे सात-आठ प्रसंग त्यात सहज मावतात. एका सिग्नलला कमावलं ते पुढच्या सिग्नलला खर्च केलं, एवढ्या उलाढालीला ही चिमुकली टाकी पुरते. माहितीपत्रकातला लिटरला २७.९७ किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज रस्त्यावर जसाच्या तसा मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एस.व्ही. रोडसारख्या रस्त्यावर साध्या पेट्रोल गाडीशी जो मोठा फरक पडतो तो या उलाढालीमुळे.

मात्र घेतानाही पाईपची मर्यादा असते. ताशी ६० ला जरा करकचून, ०.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश) इतका ब्रेक मारला तर त्या क्षणी ७३ किलोवॉट ताकद परत येत असते. बॅटरी त्यातले वीसएक किलोवॉट घेऊ शकते असं धरा. उरलेलं सगळं ब्रेक पॅडवर जळतं. डॅशबोर्डवरचा चार्जचा काटा टोकाला टेकला की समजायचं, आता कमाई थांबली आणि पॅड झिजू लागले. ताशी ४० वरून थांबायला साधारण ५० मीटर घेतले तर बहुतेक ऊर्जा बॅटरीत जाते. ताशी ६० वरून तेच साधायला सव्वाशे-दीडशे मीटर लागतात, आणि वेस्टर्न एक्स्प्रेसवर पुढे दीडशे मीटर जागा सोडली तर तिच्यात दोन रिक्षा, एक टेम्पो आणि चार बाइक येऊन बसतात. तेव्हा पुस्तकी सल्ला बाजूला ठेवा. पुढचा सिग्नल लाल दिसला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय लवकर काढा, एवढं जमलं तरी पुष्कळ. ताशी दहाच्या खाली कमाई जवळपास थांबते, त्यामुळे रांगेत मुंगीच्या चालीने सरकताना ब्रेकमधून काही परत मिळत नाही.

याचा एक तोटा पावसाळ्यात दिसतो. पॅड फारसे वापरलेच जात नाहीत, म्हणून समुद्राच्या हवेत डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर ऐकू येते. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, आठवड्यातून दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक दाबला की डिस्क साफ होते.

एसी आणि ट्रॅफिक

मुंबईकराला बॅटरीचे किलोवॉट-तास जाणवतात ते पिकअपमध्ये नव्हे, एसीत. स्ट्राँग हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनाच्या बेल्टवर नाही. मे महिन्यात घोडबंदर रोडला गाडी अडकली की इंजिन बंद असूनही गारवा तसाच येतो, ही मोठी चैन आहे. पण एसी दीड किलोवॉट आणि बाकी इलेक्ट्रॉनिक्स, पंखे, दिवे मिळून आणखी ०.३ धरले तर वापरातला ०.३ किलोवॉट-तासांचा साठा दहा मिनिटांत संपतो. मग इंजिन उभ्या गाडीत चालू होतं, थोडा वेळ जनरेटर फिरवतं, पुन्हा बंद पडतं. नवे मालक यालाच घाबरतात आणि सर्व्हिस सेंटरला तक्रार नेतात. घाबरायचं कारण नाही. चार्जिंगच्या वेळी इंजिनावर बेताचा भार असतो, त्यामुळे ते रिकाम्या चालीवर तासभर फुरफुरणाऱ्या साध्या इंजिनापेक्षा पेट्रोल जास्त सत्कारणी लावतं. तापमान २२ वरून २५ वर नेलं आणि हवा आतल्या आत फिरती ठेवली तर दहाची बारा-चौदा मिनिटं होतात.

इंजिनाशिवाय, नुसत्या बॅटरीवर गाडी किती उचलते? १७ किलोवॉटमधले चाकांपर्यंत पंधरा पोचले तर शून्यापासून ४० पर्यंत सहा-सात सेकंद. दादरच्या गल्ल्यांत हे भरपूर झालं. त्याहून जास्त पाय दाबला की इंजिन जागं होणारच, ईव्ही मोडचं (नुसत्या विजेवर चालण्याचं) बटण दाबलेलं असलं तरी. इको आणि पॉवर मोड बॅटरीची ताकद वाढवत किंवा घटवत नाहीत. पाय किती दाबला की किती मागायचं, एवढाच हिशेब बदलतो.

हायवेवर बॅटरी आणि मोटर जवळपास बघ्याच्या भूमिकेत जातात. अटल सेतूवर ताशी १०० च्या मर्यादेत स्थिर चालताना हवेचा आणि टायरचा विरोध मिळून साधारण १४ किलोवॉट लागतात. तेवढं इंजिन आरामात देतं. २१.८ किलोमीटरमध्ये ना सिग्नल, ना ब्रेक, म्हणून परत मिळवायला काही नाही. ज्यांचं रोजचं जाणं-येणं मोकळ्या हायवेचं आहे त्यांनी हायब्रिडसाठी लाखाच्या वर जास्त मोजण्याआधी हे लक्षात घ्यावं.

ओव्हरटेकला मात्र बॅटरी लागते, आणि गंमत अशी की लागते अगदी थोडी. ६० वरून १०० वर जायला आठ सेकंद लागले आणि बॅटरीने सगळा वेळ १७ किलोवॉट दिले तरी खर्च होतात ०.०४ किलोवॉट-तास. म्हणजे पिकअपसाठी टाकी मोठी नको, पाईप रुंद हवा.

खोपोलीच्या पुढे

हे गणित उलटतं ते बोरघाटात. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. पाच माणसं आणि सामान धरून १,७०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला, हवा-टायरचा विरोध सोडून, अडीच किलोवॉट-तास लागतात. बॅटरीतले वापरण्याजोगे ०.३. पाय पूर्ण दाबून ठेवला तर बॅटरीचा १७ किलोवॉटचा हात मिनिटभर पुरतो, पुढचा सगळा घाट इंजिनाचा.

पाच टक्के चढावर ताशी ६० ला गाडी नुसती चालती ठेवायला एसीसह २१ किलोवॉटच्या आसपास लागतात. इंजिनाचे ६८, वाटेतली गळती जाऊन चाकांवर ६० धरा. म्हणजे ट्रक मागे टाकायला हातात उरतात ३९. बॅटरी साथीला असेल तर ५४. बॅटरी खाली गेल्यावर पिकअप चौथ्या हिश्शाहून जास्त घटतो तो असा. घाटाच्या मध्यावर डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या चित्रात दोनच कांड्या उरल्या असतील तर खाली ज्या हिमतीने ओव्हरटेक केला त्याच हिमतीने तिथे करू नका. चढ सुरू होण्याआधी बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, चढावर पाय एकसारखा ठेवा. दाब-सोड केली की बॅटरी उगाच उपसली जाते. इंजिनाचा आवाज चढलेला आणि वेग त्या मानाने तितकाच, हा 'रबर बँड'सारखा अनुभव इथे सगळ्यांत जास्त येतो. माहितीपत्रकात गिअरबॉक्सपुढे लिहिलेल्या ई-सीव्हीटी या नावामुळे लोक बेल्ट घसरतोय असं समजतात. टोयोटा पद्धतीत बेल्टच नाही, वर सांगितलेला प्लॅनेटरी गिअर आहे. इंजिनाला जिथे ताकद मिळते तिथे त्याला धरून ठेवलेलं असतं, एवढंच.

उतरताना टाकी लहान असल्याचा त्रास उलट्या बाजूने होतो. विरोधात गेलेली ऊर्जा वजा करून एक-सव्वा किलोवॉट-तास परत मिळवता आले असते, पण बॅटरी पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच भरते. मग कमाई बंद, आणि सगळा भार पॅडवर. यासाठीच गिअरच्या दांड्यावर 'बी' ही जागा आहे. त्यात जनरेटर इंजिनाला बिनपेट्रोलचं फिरवतो आणि जादा वीज तिथेच संपवतो. इंजिन गुरगुरतं, गाडी धरून राहते. सिटीमध्ये स्टिअरिंगमागचे पॅडल मोटरची ओढ कमी-जास्त करतात. सपाट रस्त्यावर 'बी' लावून फिरणं मात्र पैसे फुकट घालवणं आहे, अ‍ॅव्हरेज पडतो.

जोर कमी होतो तेव्हा

बॅटरी म्हातारी झाली की आधी साठा नव्हे, पाईप बारीक होतो. समजा संपूर्ण बॅटरीचा आतला रोध ०.२ ओहम आहे. ९६ अँपिअरला १९ व्होल्ट आतच पडतात आणि १.८ किलोवॉटची उष्णता होते. तोच रोध वयाने ०.४ झाला की ३८ व्होल्ट पडतात आणि उष्णता दुप्पट. व्होल्टेज फार खाली जाऊ नये म्हणून कंट्रोलर स्वतःच बॅटरीकडून कमी मागू लागतो. चालवणाऱ्याला जाणवतं ते असं: इंजिन पूर्वीपेक्षा लवकर आणि वारंवार चालू होतं, कांड्या पाच मिनिटांत भरतात आणि पाच मिनिटांत उतरतात, मागून पंख्याचा आवाज वाढतो, अ‍ॅव्हरेज हळूहळू दोन-तीनने घसरतो. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, तेव्हा ही लक्षणं दिसली तर सातव्या वर्षीच तपासणी करून लेखी नोंद घ्या.

उन्हात उभ्या गाडीचा जोर कमी वाटण्याचं कारण वेगळं. बॅटरी तापलेली असली की कंट्रोलर देणं आणि घेणं दोन्ही आवळतो. हवेवर थंड होणारी बॅटरी केबिनमधलीच हवा ओढते, म्हणून मे महिन्यात उघड्या पार्किंगमधून निघताना आधी दोन मिनिटं काचा उघडा, मग एसी लावा. केबिन निवली की बॅटरी निवते आणि ईव्हीवर चालणं परत येतं. हवा ओढण्याची जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा आणि तिच्यावर पिशव्या, रेनकोट, उशा टाकू नका. जाळीमागे फिल्टर असेल तर सर्व्हिसला तो साफ करून घ्या. मेट्रोच्या आणि पुनर्विकासाच्या धुळीत तो लवकर कोंदतो. आणि हे काम न सांगता होत नाही.

इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणाऱ्या पेटीचं) कूलंट वेगळं असतं, त्याची छोटी टाकीही वेगळी. इंजिनाच्या कूलंटची पातळी बघून मेकॅनिक झाकण लावतो आणि ही टाकी राहून जाते. पातळी कमी असेल किंवा तिचा विजेचा पंप बसला असेल तर इन्व्हर्टर तापतो आणि गाडी अचानक जोर काढून घेते, बहुधा चढावरच. टोयोटात त्यासाठी पी०ए९३ हा कोड येतो. पी०ए८० आला तर तो हायब्रिड बॅटरीचाच.

जुनी हायब्रिड घेताना मालकाला आधी गाडी गरम करून ठेवू देऊ नका, थंड गाडी स्वतः सुरू करा. स्कॅनर लावून कोड वाचा, आणि सेलगटांची व्होल्टेज गाडी उभी असताना आणि पाय दाबलेला असताना अशी दोनदा पहा. उभ्या गाडीत सगळे गट सारखे दिसतात. भार आला की दुबळा गट एकटाच खाली बसतो. मग एखाद्या मोठ्या फ्लायओव्हरच्या चढावर जोरात न्या आणि उतरताना पाय काढा. एका चढउतारात कांड्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जात असतील तर किंमत पाडून मागा, नाहीतर सोडून द्या.

बटण दाबूनही गाडी 'रेडी'च, म्हणजे चालायला तयारच, होत नसेल तर लोक मोठ्या बॅटरीला दोष देतात, आणि बहुतेक वेळा दोषी असते १२ व्होल्टची साधी बॅटरी. कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचे रिले तीच जागे करते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही काही हलत नाही. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ठणठणीत, १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे, आणि भरूनही टिकत नसेल तर बदलायची वेळ झाली. गणपतीला पंधरा दिवस गावी जाणार असाल तर परतल्यावर हाच त्रास होतो. शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी 'रेडी'वर ठेवायला सांगा. नुसतं अ‍ॅक्सेसरीवर ठेवलं तर ती भरत नाही, उलट उतरते. बंदिस्त तळघरात हे करू नका, इंजिन आपोआप चालू होतं आणि धूर कोंडतो.

पाणी तुंबलेल्या रस्त्यावर हायब्रिडलाही इंजिन आहे हे विसरू नका. मोटर शांतपणे पुढे नेत असते आणि मधेच बॅटरी उतरल्यामुळे इंजिन चालू झालं तर हवेच्या वाटेने पाणी खेचतं. हिंदमाताला पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की मागे वळा. गाडीत पाणी शिरलं असेल तर ती सुरू करून बघायची नाही, नारिंगी केबलना हात लावायचा नाही. टो करताना पुढची चाकं जमिनीवर फिरू देऊ नका, कारण चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते. सपाट ट्रकच मागवा.